ओवाळणी वेगळी, वाटणी वेगळी

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आसपासच्या गावांतल्या लेकी-बहिणींना, त्यांच्या भावांना आणि बापांना जाहीर पत्रक

बायांनो, भावांनो,

शिळफाट्यापासून कल्याणपर्यंत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. निळजे, काटई, खोणी, हेदुटणे इथल्या भातखाचरांवर टॉवर उभे राहिले. घोडबंदर रोडला ओवळे, कासारवडवलीची तीच गत. 27 गावे महापालिकेत ठेवायची की वगळायची यावर किती बैठका झाल्या! मेट्रोत कोणाची जमीन जाते, विरार-अलिबाग मार्गिकेचा मोबदला किती, बिल्डर किती टक्के देतो, सगळे चर्चेत आहे. फक्त एक प्रश्न कोणी काढत नाही. त्या पैशात बहिणीचा वाटा किती?

बिल्डरचा वकील कागद तपासतो. वारसांत बहिणींची नावे निघतात. मग एरवी वर्षभर फोन न करणारा भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात येतो. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठा लागतो, सही होते. परतताना हातात साडी आणि मिठाईचा पुडा. लाखोंचा, कधी कोटींचा हक्क एका दुपारी जातो आणि बहीण घरी येऊन सांगते, ‘दादाचं काम झालं.’

आमचे म्हणणे एवढेच आहे: हक्कसोडपत्रावरची फुकटची सही आता बंद.

कायदा तुमच्या बाजूचा आहे

1951 साली हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत लेकीला मुलाइतका वाटा दिला. बापाने मृत्युपत्र केले असेल तरच वेगळे. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र जन्माने हक्क मुलग्यांचाच राहिला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तो मुलींना दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माचा आहे. 2005 साली बाप हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी वा विक्री उकरता येत नाही, एवढे लक्षात ठेवा.

मुरबाड-शहापूरच्या आदिवासी बहिणींना हा कायदा लागू नाही. पण जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांनाही समान वाटा दिला आणि ‘आमच्यात तशी रूढी नाही’ ही पळवाट अरुंद केली.

कायदा आहे, मग वाटा का नाही? कारण तो हिरावून घ्यावा लागतच नाही. आपणच सही करून देतो.

राबली कोण, नाव कोणाचे?

आपल्या भागात आवणीला चिखलात वाकते ती बाई. मासळीची टोपली बाजारात नेते ती बाई. आगरी लग्नात धवलारीण आणि वारली लग्नात धवलेरी लागते. बाईच्या गाण्याशिवाय ते लग्न लागत नाही. जमिनीच्या लढ्यात मोर्चाच्या पुढच्या रांगेत बायका हव्या असतात, पोलिसांपुढे उभ्या करायला. पण 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कसणाऱ्याला जमीन मिळाली तेव्हा सातबाऱ्यावर नाव लागले कुटुंबातल्या पुरुषाचे. बाप गेला की भाऊ कब्जेदार होतो आणि बहिणी ‘इतर हक्कात’ ढकलल्या जातात. पुढे हक्कसोडपत्र झाले की तिथूनही नाव पुसले जाते.

शहरी वाचकांनो, तुम्ही सुटला नाहीत. डोंबिवली-ठाण्याच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सुशिक्षित घरांतही फ्लॅट मुलाचा आणि मुलीला ‘तुला काय कमी आहे’ हे प्रमाणपत्र. नॉमिनी म्हणून मुलाचे नाव लावले की विषय संपला, असे समजतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटीच्या वहीत नाव चढल्याने बहिणीचा हिस्सा बुडत नाही.

कल्याणात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. दर 8 मार्चला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्या गावच्या मुली शिकल्या, पहाटेची लोकल पकडून नोकरीला गेल्या, पगार घरी आणला. शिक्षण दिले, नोकरी करू दिली, याचा केवढा अभिमान! जमिनीची वेळ आली की तीच मुलगी परक्याची होते.

या सबबी आता पुरे

‘तिच्या लग्नात खर्च केला.’ तुमच्या लग्नात नाही केला? तुमच्या हळदीचा मांडव, डीजे आणि मटणाचा खर्च वाट्यातून वजा झाला का?

‘तिला सासरी मिळेलच.’ सासरी तिची नणंद सही करते आणि माहेरी ती स्वतः. दोन्हीकडून पुरुषाच्याच नावावर जमते. नवऱ्याने टाकले, नवरा दारूत बुडाला किंवा मेला, की तिला राहायला ना हे घर, ना ते.

‘आईबापाला आम्ही सांभाळतो.’ सांभाळते कोण? सून. तिचे नाव कुठल्या उताऱ्यावर आहे? आणि आईच्या आजारपणात रजा टाकून इस्पितळात रात्र काढायला कोणाला बोलावता?

‘जमिनीचे तुकडे होतील.’ नांगर चालत होता तेव्हा या म्हणण्यात थोडे तथ्य होते. आज गुंठ्याने व्यवहार होतो आणि पैसे बँकेत येतात. चेकचे पाच भाग करायला मोजणी आणावी लागत नाही.

‘माहेर तुटेल.’ ही खरी धमकी. बहिणी पैशाला भुलून सही करत नाहीत. दार बंद होईल या भीतीने करतात. भावांनो, वाटा मागितला म्हणून जे तुटते ते तोडणारे तुम्ही आहात. दोष बहिणीवर ढकलू नका.

इतर समाजांकडे पाहा

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी सारखे वारस. बापाने मनात आणले तरी लेकीला पूर्ण बेदखल करता येत नाही आणि नवऱ्याच्या मालमत्तेत बायको सहसा अर्ध्याची मालकीण असते. मेघालयात खासी समाजात घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. तिथले पुरुष त्यामुळे देशोधडीला लागलेले नाहीत. पण त्याच समाजात गावच्या दरबारात बसायचा मान परंपरेने पुरुषांचा. म्हणजे मालमत्ता आणि सत्ता दोन्ही मागाव्या लागतात. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

केरळात त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी ते मिळे. मेरी रॉय नावाच्या बाई सख्ख्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 मध्ये जिंकल्या. इस्लामी वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे. तो निम्मा आहे यावर आपले लोक बोट ठेवतात. पूर्ण वाटा कागदावर ठेवून हातात साडी देणाऱ्यांनी ते बोट आधी आपल्याकडे वळवावे.

आपल्या महाराष्ट्रातही शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. ती माणसे श्रीमंत नव्हती. आज गुंठ्याला लाखो मोजून घेणारे त्यांच्यापुढे कुठे उभे राहतात?

पंधराशे रुपयांची लाडकी

2011 पासून पालिकेत निम्म्या जागा बायकांच्या. तरी अनेक प्रभागांत बॅनरवर बाई आणि कारभार नवऱ्याचा. ज्या बाईच्या नावावर घर नाही, शेत नाही, खात्यात पैसा नाही, ती निवडणूक नवऱ्याच्या पैशानेच लढणार आणि त्याच्याच तंत्राने चालणार. सरकार लाडक्या बहिणीला 2024 पासून महिन्याला 1,500 रुपये देते. वर्षाचे अठरा हजार. जरूर घ्या, गरजेचे आहेत. पण त्याच सरकारच्या कार्यालयात बहिणीचा वडिलोपार्जित हक्क नाममात्र मुद्रांक शुल्कात भावाच्या नावे होतो, हेही बघा. बाईच्या नावे घर घेतले तर शुल्कात एक टक्का सवलत, आणि बाईचे असलेले सोडले तर जवळजवळ सगळेच माफ!

आता काय करायचे

बहिणींनो,
1. माहेरच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढा. मोबाइलवरही दिसतो. कोणाची नावे आहेत, तुमचे कोणत्या रकान्यात आहे, ते पाहा.
2. वडील गेले असतील तर वारस नोंदीत तुमचे आणि आईचे नाव आहे का, तलाठ्याकडे विचारा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
3. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असे कोणी म्हणाले तर नक्कीच करू नका.
4. हक्क सोडायचाच असेल तर दस्तात मोबदला लिहा आणि रक्कम स्वतःच्या खात्यात घ्या.
5. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा.

भावांनो, बिल्डरशी बोलणी करण्याआधी बहिणींना बसवा, रक्कम सांगा, हिस्से लिहा.

निबंधक कार्यालयांकडे आमची मागणी: हक्कसोडपत्र नोंदवण्यापूर्वी बहिणीला एकटीला बाजूला घ्या, दस्त मराठीत वाचून दाखवा, जमिनीचा सरकारी दर सांगा, मगच सही घ्या.

समाजाच्या पुढाऱ्यांकडे मागणी: हळदीच्या खर्चावर ठराव करता, तसाच एक ठराव करा. बहिणीचा वाटा बुडवणाऱ्याचा समाजात सत्कार होणार नाही.

येत्या भाऊबीजेला ओवाळा, साडी घ्या, गोड खा. आणि ताट खाली ठेवल्यावर सगळ्यांसमोर विचारा: ‘दादा, माझ्या वाटणीचं काय ठरवलंस?’

वाचा, घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि पुढच्या घरी द्या.

— ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या काही लेकी