फासे पोरांच्या हातात, गोष्ट कोणाच्या हातात?

आपल्या शिबिरांत भाषण, गटचर्चा आणि भीमगीतांच्या जोडीला आता 'रोलप्ले' आला आहे. नागपूर-पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीत गोंडपिपरीला येतात ती फासे आणि मोबाईलमधली नियमांची पीडीएफ घेऊन. चार-पाच जण चटईवर गोल बसतात. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. यालाच टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. टेबल नसलं तरी काही अडत नाही.

चळवळीत हे खेळ कशाला, असं काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात. आमचा खेळाला विरोध नाही, आम्ही स्वतः तो खेळतो. ज्या मातीत सत्यशोधक जलसा झाला, आंबेडकरी जलसा झाला, भीमराव कर्डकांसारख्यांनी ज्या मातीत गावोगाव फिरून माणसं जागी केली, तिथे सोंग घेऊन विचार करण्याचं वावडं असायचं कारणच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. या खेळात गोष्ट नेमकी कोणाची असते?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. त्यात गोष्ट चालवणाऱ्याला पुढे 'मास्टर' म्हणायला लागले. शब्द बघा! जग मास्टरचं, नकाशा मास्टरचा, राक्षस त्याचे, खजिना त्याचा. खेळाडूच्या वाट्याला एकच प्रश्न येतो : तू काय करतोस? दार कुठे आहे, ते कोणी बंद केलं, दारामागे खरंच राक्षस आहे की आणखी कोणी, हे खेळाडूने ठरवायचं नाही. सगळं मास्टरच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं आणि ती वही इतरांनी बघायची नसते.

ही व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. पोथी एकाकडे, कान सगळ्यांकडे. आणि वही कोणाच्या हातात येते तेही बघा. ज्याला इंग्रजी येतं, ज्याचा फोन चांगला, जो शहरात राहून आला, आणि बहुतेक वेळा जो मुलगा आहे, तोच मास्टर होतो. कोणी त्याला निवडत नाही, तो आपोआप होतो. 'आपोआप' होणाऱ्या गोष्टींकडे आपण तरी संशयाने बघायला हवं.

याचा परिणाम गोष्टीवर होतो. शहरातून आलेला मास्टर जंगलाची गोष्ट रचतो तेव्हा त्या जंगलात वाघ एकतर राक्षस असतो नाहीतर पोस्टरवरचा देखणा प्राणी. समोर बसलेल्या मुलीची आई पहाटे मोहफुलं वेचायला जाते. वाघ दिसला की गावाचं वेळापत्रक कसं बदलतं, बाया किती जणींच्या घोळक्याने निघतात, तेंदूच्या हंगामात कोण भीती गिळून तरी जातं आणि कोण घरी बसतं, हे तिला माहीत आहे. पण तिला विचारलं जातं काय? 'वाघ समोर आला, तू काय करतेस?' ती म्हणते, पळते. फासा पडतो. संपलं. तिच्याजवळचं अख्खं जंगल न बोलता घरी जातं.

म्हणून आमचं म्हणणं असं की गोष्ट चालवणाऱ्याने आपला अर्धा अधिकार खेळाडूंना द्यावा, आणि तो पात्राच्या हालचालींपुरता नको. त्या जगात काय आहे, कोण आहे, का आहे, हे सांगण्याचा अधिकार द्यावा.

यावर पहिली तक्रार येते ती अशी : आमची पोरं बोलतच नाहीत हो, 'तुम्हीच सांगा सर' म्हणतात. खरं आहे, म्हणतात. दहा-बारा वर्षं शाळेत मास्तरांनी सांगायचं आणि त्यांनी उतरवून घ्यायचं हीच सवय लागली आहे. पण याच मुली आणि मुलं झाडीपट्टीतली आहेत. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं रात्र-रात्र बसून बघणारी, सकाळी त्यातल्या खलनायकाची नक्कल करणारी. गोष्ट कशी चालते हे त्यांना शिकवायची गरज नाही. अडचण प्रश्नात असते. 'आता पुढे काय होतं, सांग' असं एकदम विचारलं तर भले भले गप्प होतात. प्रश्न छोटा आणि टोकदार हवा. या गावात पाणी कुठून येतं? विहिरीवर सकाळी पहिलं कोण असतं? सरपंचाला कोणाचे पैसे देणं आहे? अशा प्रश्नाला उत्तर द्यायला हुशारी लागत नाही, जगलेलं आयुष्य लागतं. २०१० साली आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने हीच पद्धत नियमात बसवली. गोष्ट चालवणाऱ्याने शेवट आधी ठरवायचा नाही, सतत प्रश्न विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांवर पुढचं रचायचं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका बैठकीत हे करून बघितलं. गोष्ट साधी होती. बाया जंगलातून मोहफुलं घेऊन परततात, वनरक्षक अडवतो. चालवणाऱ्याच्या वहीत पुढचा संघर्षही लिहून तयार होता. पण त्याने वही मिटली आणि अकरावीतल्या एका मुलीला विचारलं, हा गार्ड कोण आहे? ती म्हणाली, 'माझा मामा.' सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, 'त्याला नोकरी लागली तेव्हा आजीनं बाबासाहेबांच्या फोटोसमोर पेढे ठेवले होते.'

त्यानंतर तासभर फासा कोणी टाकलाच नाही. वर्दीतला आपला माणूस हा व्यवस्थेचा माणूस की आपला? त्याच्यावर साहेबाचा दबाव असेल तर भाचीने टोपली खाली ठेवायची का? राखीव जागेवरून नोकरीला लागलेल्याचं समाजाशी काय नातं, यावर आपण किती परिसंवाद घेतो! या मुलीने तो प्रश्न दोन शब्दांत चटईवर आणून ठेवला. चालवणाऱ्याच्या वहीत तो नव्हता, कारण त्याच्या डोक्यात गार्ड म्हणजे फक्त गार्ड होता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती आम्हाला मान्यही आहे. सगळ्यांना अधिकार दिला की तो सगळ्यांना मिळतो का? नाही मिळत. मास्टर काढून टाकला की मोठ्या आवाजाचा माणूस त्या जागी बसतो. नियम नसलेली मोकळीक ही आधीच ताकद असलेल्यांची मोकळीक असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्यासाठी वाटणीचेच नियम लागतात.

असे नियम असलेले खेळ आहेत. अ‍ॅव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' हा २०१३ चा. त्यात मास्टर नाही. उद्ध्वस्त जगात वाचलेल्या एका वस्तीला शांततेचं एक वर्ष मिळतं, आणि सगळे मिळून कोऱ्या कागदावर तिचा नकाशा काढत जातात. साधा पत्त्यांचा जोड लागतो. बावन्न पत्ते म्हणजे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. ज्याची पाळी त्यानेच पत्ता उचलून काय घडलं ते सांगायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. चर्चा घेता येते, पण प्रत्येकाने एकदाच बोलायचं. आणि आम्हाला सगळ्यात आवडलेला नियम : आपल्याला न विचारता निर्णय झाला असं ज्याला वाटेल त्याने रागाचा एक खडा उचलून स्वतःसमोर ठेवायचा. भांडायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, फक्त ठेवायचा. डाव संपेपर्यंत कोणासमोर किती खडे साठले ते सगळ्यांना दिसत राहतं. आपल्या तालुका बैठकांत हा नियम लावला तर कोणासमोर ढीग पडेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दुसरा खेळ लियाम बर्क यांचा 'डॉग ईट डॉग'. पॅसिफिक बेटांवर झालेल्या वसाहतीकरणाचा. एक जण कब्जा करणारी सत्ता होतो, बाकीचे मूळ रहिवासी. सत्ता कोणी व्हायचं? बसलेल्यांत खऱ्या आयुष्यात जो सगळ्यात श्रीमंत असेल त्याने! म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच एकमेकांच्या घरची परिस्थिती बोलावी लागते. आपल्या गटात हा प्रश्न विचारून बघा. सगळे एकाच समाजाचे, सगळे 'आपले', असं म्हणत बसलेल्या गटात मास्तरांचा मुलगा आणि बांबू तोडणाऱ्याचा मुलगा एकमेकांकडे कसे बघतात ते दिसेल. रहिवासी कमी दर्जाचे आहेत, हा त्या खेळाचा पहिला नियम असतो. प्रत्येक प्रसंगानंतर रहिवाशांना काय 'धडा' मिळाला तो नवा नियम म्हणून लिहिला जातो. जातिव्यवस्थेचे अलिखित नियम असेच तर शिकवले जातात.

तिसरी तक्रार आमच्याच लोकांची. गोष्ट पोरांच्या हातात दिली आणि त्यांनी इतिहास बदलला तर? महाडच्या गोष्टीत कोणी काहीही घुसडलं तर? याचं उत्तर सरळ आहे. काय पक्कं ते आधी सांगा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं ते पक्कं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ते पक्कं. पण त्याच डिसेंबरच्या परिषदेत कोर्टाचा मनाई हुकूम समोर होता, सत्याग्रहाला नावं नोंदवून माणसं तयार बसली होती, आणि हुकूम मोडायचा की थांबायचं यावर मंडपात वाद झाला. शेवटी सत्याग्रह तहकूब झाला. कोर्टातली लढाई पुढे १९३७ पर्यंत चालली आणि आपण जिंकलो. हा शेवट कोणी बदलू नये. पण त्या मंडपातला दूर गावाहून चालत आलेला माणूस 'थांबा' ऐकून काय बोलला असेल, रात्री शेजारच्याला काय म्हणाला असेल, ते पोरांनाच सांगू द्या. एवढं केलं तर तहकुबीचा निर्णय किती अवघड होता हे त्यांना जन्मभर कळून राहील. परीक्षेतल्या एका ओळीने ते कळत नाही.

बाबासाहेबांचं नाव घेऊन वही घट्ट धरून ठेवणाऱ्यांना आम्ही संविधान सभेची आठवण करून देतो. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला आणि वाचून मत द्यायला आठ महिने दिले गेले. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आजारी शरीराने बाबासाहेब सभागृहात उभे राहून उत्तरं देत होते. काही दुरुस्त्या स्वीकारल्या, काही ठामपणे नाकारल्या. तेवढ्याने त्यांचं शिल्पकारपण कमी झालं का? आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा दिला तोही त्यांनीच. चार पोरांच्या खेळात 'मी ठरवीन तेच' म्हणणाऱ्याने ते भाषण एकदा वाचावं.

फार लांब जायलाही नको. आपल्याच तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, हजारावर हेक्टर जंगलाचा. वनहक्क कायदा दिल्लीत लिहिला गेला होता, पण जंगल कसं वापरायचं याचे नियम ग्रामसभेने बसून स्वतः केले. तेंदूपत्त्यात हातात रोख पैसा येतो, तरी त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात म्हणून गावाने तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं, आणि बांबूवर भर दिला. नकाशा गावाचा, नियम गावाचे, परिणाम भोगणारंही गावच. शहरातून आलेल्या कोणत्याही मास्टरच्या वहीत 'तेंदू बंद' हे वळण आलं नसतं.

पुढच्या शिबिरासाठी आमची सूचना आहे ती एवढीच. गोष्ट चालवणारा दर डावाला बदला, आणि पहिला डाव मुलीने चालवावा. काय पक्कं, काय मोकळं, हे फळ्यावर लिहा. पाहुण्या वक्त्याला बसवायचंच असेल तर खेळाडू म्हणून बसवा, पत्ता त्याच्या पाळीलाच उचलू द्या. फासे नसतील तर चिठ्ठ्या चालतात. आणि रागाच्या खड्यांसाठी चिंचोके धुऊन वाळवून ठेवा, एका गटाला वीसेक पुरतात.

जय भीम!