अध्यक्षांची लेखणी आणि संपादकांची लेखणी

अमेरिकेंतील वृत्तपत्रस्वातंत्र्याची थोरवी गावयाची असली म्हणजे 1971 सालचा दाखला देण्याचा प्रघात पडला आहे. व्हिएतनाम युद्धाविषयींचे गुप्त सरकारी कागद 'न्यूयॉर्क टाइम्स'नें छापण्यास आरंभ केला. अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारनें न्यायालयाकडे धांव घेऊन छपाई थांबविली. आणि 30 जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं वृत्तपत्रांच्या बाजूनें निकाल दिला. गोष्ट खरी आहे आणि अभिमानास्पदहि आहे. परंतु तेवढ्यावरून, राज्यघटना शाबूत आहे आणि वृत्तपत्रें पहारा देत आहेत तोंवर नागरिकांच्या हक्कांस भय नाहीं, असा जो सिद्धांत काढण्यांत येतो तो आम्हांस मान्य नाहीं. पहारेकऱ्याची खरी पारख त्याचे हात मोकळे असतां तो काय करतो यावरून होते. ती पारख 1942 सालीं झाली, आणि तींत अमेरिकेचीं वृत्तपत्रें बहुतांशीं उणीं ठरलीं.

7 डिसेंबर 1941 रोजीं पर्ल हार्बरवर जपाननें हल्ला केला. पुढें 19 फेब्रुवारी 1942 रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं हुकूम क्रमांक 9066 वर सही केली. या हुकुमांत 'जपानी' हा शब्द कोठेंहि नाहीं. सेनाधिकाऱ्यांनीं ठरविलेल्या प्रदेशांतून कोणासहि बाहेर काढण्याचा अधिकार त्यांस दिला आहे, एवढेंच त्यांत म्हटलें आहे. पण हुकुमाचा रोख कोणावर आहे हें सर्वांस ठाऊक होतें. पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारें 1,20,000 माणसांना उचलण्यांत आलें. त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश जन्मानें अमेरिकेचे नागरिक होते. आरोप नाहीं, चौकशी नाहीं, खटला नाहीं. दुकानें, होड्या व घरांतील सामान मिळेल त्या किंमतीस फुंकून, हातांत मावेल तेवढें घेऊन हीं कुटुंबें निघालीं. कित्येकांस प्रथम शर्यतींच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलें, आणि मग कांटेरी तारांच्या आंत दहा छावण्यांतून त्यांची रवानगी झाली.

या वेळीं वृत्तपत्रांच्या तोंडाला कोणीं कुलूप लावलें होतें? कोणींहि नाहीं. युद्धकाळांतील सेन्सॉरचे नियम पत्रांनीं आपखुषीनें पाळावयाचे होते, आणि सरकारी धोरणाची स्तुति करा अशी आज्ञा त्यांत नव्हती. तरीहि किनाऱ्यावरील बहुतेक मोठ्या पत्रांनीं या हद्दपारीचा पुरस्कार केला. इतकेंच नव्हे, तर हुकूम निघण्याच्या आठवडाभर आधीं, वॉल्टर लिपमन यांच्यासारख्या त्या काळच्या अत्यंत वजनदार स्तंभलेखकानें तिची भलावण केली. त्यांचा तर्क पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावर अद्याप घातपात झालेला नाहीं, हेंच मोठ्या घातपाताची तयारी चालू असल्याचें लक्षण, असें त्यांचें म्हणणें. या तर्कापुढें निरपराध मनुष्यानें कोणता पुरावा आणावा? गुन्हा केला तर गुन्हेगार, न केला तर अधिक धूर्त गुन्हेगार!

युद्धकाळीं राष्ट्राच्या रक्षणाचा भार अध्यक्षांवर असतो, त्यांस मोकळा हात दिलाच पाहिजे, आणि पत्रांनीं अशा वेळीं कुरकुर करूं नये, असें या धोरणाचे कैवारी म्हणतात. युद्धांत कांहीं गोष्टी गुप्त राखाव्या लागतात हें आम्हांसहि मान्य आहे. पण येथें गुप्त असें काय होतें? पर्ल हार्बर ज्या हवाई बेटांत आहे तेथें जपानी वंशाचे लोक एकतृतीयांशाहून अधिक होते; तेथें कांहीं निवडक लोकांना अटकेंत टाकलें, परंतु सरसकट हद्दपारी झाली नाहीं. प्रत्यक्ष रणभूमीवर जी गोष्ट अनावश्यक, ती हजारों मैल दूर कॅलिफोर्नियांत अपरिहार्य कशी? हा प्रश्न विचारण्यास कोणत्याहि लष्करी रहस्याची गरज नव्हती. भूगोलाचें एक पुस्तक पुरे होतें. स्वतः अध्यक्षांचे अ‍ॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांचाहि या हद्दपारीस विरोध होता.

अन्यायाची भाषा कशी असते हेंहि या प्रकरणांत दिसतें. हद्दपारीच्या जाहीर सूचना 'परकीय व अपरकीय' अशा सर्व जपानी वंशाच्या लोकांस उद्देशून होत्या. अपरकीय म्हणजे कोण? नागरिक! पण तो शब्द लिहितांना सरकारी लेखणीहि अडखळली. कारण नागरिक म्हटलें कीं त्याचे हक्क आठवतात. अशा वेळीं झांकलेला शब्द उघडा करणें हें संपादकाचें पहिलें कर्तव्य. बहुसंख्य संपादकांनीं सरकारचाच शब्दकोश उचलला.

पण दुसरा मार्ग नव्हता असें मात्र कोणीं म्हणूं नये. वॉशिंग्टन संस्थानांतील बेनब्रिज बेटावरील 'बेनब्रिज रिव्ह्यू' या चिमुकल्या साप्ताहिकाचे संपादक, वॉल्ट व मिली वुडवर्ड हें दांपत्य, यांनीं हुकुमास उघड विरोध केला. 30 मार्च 1942 रोजीं त्या बेटावरून 227 लोक नेण्यांत आले, तेव्हां त्यांच्यांतीलच तरुणांस या पत्रानें छावणीचे बातमीदार नेमलें. तेथील जन्म, विवाह, मृत्यु यांच्या वार्ता गांवच्या इतर वार्तांबरोबर छापून येत राहिल्या. शेजारी शेजारीच राहिले. डेन्व्हर येथील 'रॉकी शिंपो'चे जेम्स ओमुरा यांनीं छावणीवासीयांच्या हक्कांची बाजू घेतली, म्हणून त्यांच्यावर कटाचा खटला भरण्यांत आला. 1944 सालीं ते निर्दोष सुटले. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखें थोडें होतें त्यांनीं धैर्य दाखविलें. ज्यांच्याजवळ लाखों वाचक होते त्यांनीं टाळ्या वाजविल्या.

न्यायालय आहेच कीं, असें कोणी म्हणेल. फ्रेड कोरेमात्सु याच्या दाव्यांत 18 डिसेंबर 1944 रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं सरकारची बाजू उचलून धरली. त्याची शिक्षा रद्द झाली ती 1983 सालीं. हयात असलेल्यांस प्रत्येकीं 20,000 डॉलर व माफीपत्र देण्याचा कायदा झाला 1988 सालीं. आणि तो निकाल मुळांतच चुकीचा होता हें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट शब्दांत म्हटलें 2018 सालीं. उशिरां आलेली ही पश्चात्तापबुद्धि स्तुत्य आहे. पण ती 1942 च्या मार्चमध्यें त्या कुटुंबांच्या दाराशीं यावयास हवी होती. तेथवर त्या वेळीं पोंचूं शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दररोज सकाळीं दारांत पडणारें वर्तमानपत्र.

अध्यक्षांच्या हातीं सत्ता एकवटते ती केवळ त्यांच्या महत्त्वाकांक्षेनें नव्हे. घाबरलेला समाज ती त्यांच्या ओंजळींत आपण होऊन ओततो. रूझवेल्ट हे कांहीं लोकशाहीचे शत्रु नव्हते, आणि म्हणूनच हें उदाहरण अधिक भयंकर आहे. दुष्ट राज्यकर्त्याशीं भांडणें सोपें असतें. लोकप्रिय राज्यकर्त्यास, लोक भ्यालेले असतांना, 'थांबा' म्हणणें कठीण. तें म्हणतां येत नसेल तर घटनेंतील वृत्तपत्रस्वातंत्र्याचें कलम हें संपादकाच्या भिंतीवरील शोभेचें चित्र होय.