खात्याला नाव की क्रमांक?

पेढीवर वाढलेल्या माणसाला खतावणीची ओळख करून द्यावी लागत नाही. रोजकिर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत मात्र प्रत्येक आसामीचे पान स्वतंत्र. नाव सांगितले की अनुक्रमणिकेतून पान सापडते आणि पानावर बाकी. मोबाइलचे ॲप तयार करण्यास शिकणाऱ्या मुलामुलींना आरंभीच्या धड्यांतच ही रचना भेटते. अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेत तिला ‘मॅप’ म्हणतात, आयफोनच्या स्विफ्टमध्ये ‘डिक्शनरी’. जिच्यावरून शोधायचे ती ‘की’, म्हणजे किल्ली. हाती लागते ते मूल्य. संगणक किल्लीवरूनच जागा काढतो, म्हणून खाती शंभर असोत वा लाख, शोधाचा वेळ साधारणतः सारखाच राहतो.

कसोटी लागते ती किल्ली निवडताना. रत्नागिरीच्या रामआळीतील एखाद्या दुकानदाराची कन्या वडिलांच्या उधारीसाठी ॲप लिहीत आहे, अशी कल्पना करावी. ग्राहकाचे नाव ही किल्ली, येणे रक्कम हे मूल्य. एका शहांच्या नावापुढे १२,००० नोंदले गेले. महिन्याने त्याच नावाचे दुसरे गृहस्थ ८०० रुपयांचा माल उधार घेऊन गेले. मॅप हूं की चूं करीत नाही. जुना आकडा काढून तेथे ८०० ठेवतो. वहीत खाडाखोड झाली तर निदान खूण उरते, येथे तीही नाही.

टपाल खात्यापुढे हाच पेच होता: एका नावाची अनेक गावे, भिन्न लिपी, न लागणारे अक्षर. तो सोडविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर रत्नागिरी जिल्ह्यातलेच. संस्कृतात काव्य आणि नाटके लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याने आखलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. रत्नागिरीचा ४१५६१२ पाहावा: पहिला ४ पश्चिमेकडील विभागाचा, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. मात्र एका पिनकोडाखाली पुष्कळ वाड्या-वस्त्या येतात, त्यामुळे पाकिटावरचे नाव-गाव लिहावेच लागते. ॲपमध्येही अशा किल्लीपुढे एक मूल्य न ठेवता यादी ठेवावी लागते.

मग ग्राहकाचा मोबाइल क्रमांक किल्ली म्हणून घ्यावा काय? सोयीचा वाटतो खरा. पण तो बदलतो, आणि दोन भाऊ घरचा एकच क्रमांक देतात. त्यापेक्षा दुकानाने स्वतःचा खाते क्रमांक द्यावा, एकदा दिलेला पुन्हा दुसऱ्यास देऊ नये, आणि नाव मूल्याच्या बाजूस ठेवावे. शिवाय तो अक्षरांच्या रूपात साठवावा. रत्नागिरीचा दूरध्वनी संकेतांक ०२३५२ संख्या म्हणून साठविला की आरंभीचे शून्य गळून पडते. खाते क्रमांकाचेही तसेच होईल.

शून्याचाच आणखी एक घोटाळा आहे. नसलेली किल्ली विचारली की कोटलिन ‘नल’ म्हणते, म्हणजे असे खातेच नाही. बाकी शून्य असणे ही निराळी गोष्ट, हे दुकानदारास सांगावे लागत नाही. नवशिके मात्र पुष्कळदा ‘नल’च्या जागी शून्य दाखवून मोकळे होतात. मग क्रमांकाचा एक अंक चुकला तरी पडद्यावर बाकी शून्य दिसते, आणि वसुलीस गेलेला मुलगा हिशेब चुकता झाला असे समजून रिकाम्या हाताने परततो.