यंत्र बोलायला लागलं, आता ऐकणार कोण?

बेळगावच्या उद्यमबागेत वीस-वीस वर्षं जुनी सीएनसी यंत्रं अजून पाळीनं चालताना दिसतात. लोखंड कापण्यात ती कुठंही कमी पडत नाहीत, फक्त ती मुकी आहेत. दिवसभरात किती नग झाले, यंत्र कधी थांबलं, हे ती कुणाला सांगत नाहीत. त्यांना वाचा देणारा एक छोटासा डबा आता मिळतो, तो म्हणजे वायरलेस अडॅप्टर. तो बसवावा असंच माझं मत आहे. पण 'बसवला, झालं' एवढ्यावर विषय संपवू नये, असंही वाटतं.

या यंत्रांच्या मागं बहुतेक वेळा सिरियल पोर्ट असतं. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. अडॅप्टर एका बाजूनं या पोर्टला जोडायचा, दुसऱ्या बाजूनं तो माहिती वाय-फायवर पाठवतो. दोन्हीकडचा वेग मात्र जुळला पाहिजे. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १९२०० ठेवलं, तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरं उमटतात. अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत राहिली, तर सिग्नल तिथंच अडकतो. एवढं सांभाळलं की चर खोदायला नको, क्रेनच्या वाटेत केबल नको. नवं यंत्र घेणं छोट्या कारखानदाराला झेपत नाही, हे झेपतं.

आता धोक्याकडे येऊ. कारखान्यांत सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही यंत्रांची बोली १९७९ची. मूळ मॉडबसमध्ये 'विचारणारा तू कोण?' असं विचारायची सोयच नाही. जो आकडा मागेल त्याला आकडा मिळतो, जो हुकूम देईल त्याचा हुकूम पाळला जातो. तार चार भिंतींत होती तोवर हे चाललं. वाय-फायच्या लहरी मात्र भिंत ओलांडून रस्त्यावर जातात. म्हणून डब्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, यंत्रांचं जाळं ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळं ठेवावं. यंत्राकडून फक्त वाचून घ्यावं, शक्यतो दुरून हुकूम देऊ नयेत. आणि आणीबाणीचं लाल बटण तारेवरच राहू द्यावं. त्यात तडजोड नको.

२०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट आठवा. इराणमधल्या नातान्झच्या केंद्रातलं जाळं बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं नव्हतं, तरी तो आत शिरला. सेंट्रीफ्यूज भलत्याच वेगानं फिरत होते आणि पडद्यावर मात्र आधी नोंदवून ठेवलेले 'सगळं ठीक'चे आकडे दिसत होते. पडदा खोटं बोलू शकतो, हा त्यातला धडा. यंत्राजवळ उभ्या माणसाचा कान त्यासाठीच लागतो.

आणि नेमका तोच माणूस या सगळ्यात बाजूला पडतो. माझे काका टर्नर आहेत. त्यांच्या कारखान्यात अडॅप्टर बसले आणि महिनाअखेर त्यांच्या हातात 'यंत्र बंद' मिनिटांचा कागद आला. कास्टिंग आलं नव्हतं म्हणून थांबलेली मिनिटं, लाईट गेल्यामुळं वाया गेलेली मिनिटं, सगळी त्यांच्याच नावावर! काका एवढंच म्हणाले, "अगं, मशीन थांबलं हे त्याला कळतंय, का थांबलं ते कुठं कळतंय?"

मालकाचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. गाड्यांच्या मोठ्या कंपन्या पुरवठादाराकडून बारीकसारीक नोंदी मागतात. मोजमाप नसेल तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि मग काकांचं काय? मोजावं, जरूर मोजावं. पण आकडा मालकाच्या मोबाईलवर जाण्याआधी यंत्राजवळच्या माणसाला दिसावा आणि कारण लिहायची जागा त्याच्या हातात असावी. कारण नसलेला आकडा म्हणजे अर्धीच साक्ष, आणि अर्ध्या साक्षीवर कुणाचा पगार कापू नये.

इथं आपल्या मंडळाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. त्या पडद्यावर कारणांची यादी इंग्रजीत असते आणि समोरचा माणूस मराठी किंवा कन्नड बोलतो. मग घाईत तो पहिलंच बटण दाबून मोकळा होतो आणि नोंद चुकते. 'माल आला नाही', 'लाईट गेली', 'टूल बदलतोय', 'मेंटेनन्सवाल्याची वाट बघतोय' असे वीस-पंचवीस शब्दप्रयोग पुरतील. ते शब्दकोशात शोधू नयेत, पाळी सुटताना गेटवर उभं राहून कामगारांच्या तोंडून ऐकावेत. आपल्या कन्नड मित्रमैत्रिणींनाही सोबत घ्यावं. कविसंमेलनाइतकंच हेही भाषेचं काम आहे, आणि यंदा आपण ते हाती घ्यावं, असा माझा आग्रह आहे.