'लक्ष नाहीं'

प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासांत लक्ष नाहीं' हा शेरा आम्हीं आजवर किती मुलांच्या नांवापुढें लिहिला, त्याची गणती नाहीं. शेऱ्यामागोमाग शिक्षाही ठरलेली असे : मधल्या सुटींत वर्गांतच बसणें. ती शिक्षा चुकीची होती असें आम्हांस आतां वाटतें, व तें पालकांपुढें मोकळेपणानें मांडणें आमचें कर्तव्य आहे.

पोलादपूरकडील एक मुलगा आमच्या चांगला स्मरणांत आहे. पांचांपैकीं दोन उदाहरणें झालीं कीं त्याची नजर खिडकीबाहेर जावयाची. तोच मुलगा सहलींत सावित्रीच्या कांठीं एका खंड्याकडे पाहत पाव तास निश्चल बसला! लक्ष त्याच्यापाशीं होतें. तें हुकुमासरशी एका जागीं बांधून ठेवण्याची शक्ति मात्र लवकर थकत असे.

ज्या मुलांच्या या अडचणीस डॉक्टर एडीएचडी म्हणतात, अशा ७ ते १२ वर्षांच्या १७ मुलांवर अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या आंद्रेया फेबर टेलर व फ्रान्सिस कुओ या विदुषींनीं केलेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच मुलांस निरनिराळ्या दिवशीं उद्यानांत, राहत्या वस्तींत व शहराच्या बाजारभागांत २० मिनिटें फिरविलें, आणि मग ऐकलेले आंकडे उलट क्रमानें म्हणावयास लावलें. उद्यानांतून आल्यावर तें त्यांस अधिक चांगलें साधलें. चालणें तिन्हीं ठिकाणीं सारखेंच, फरक परिसराचा. प्रयोग लहान आहे, त्याच्या भरंवशावर कोणीं डॉक्टरांचें औषध बंद करूं नये; पण सुटी कापणाऱ्या आम्हां शिक्षकांस खालीं पाहावयास लावण्यास तो पुरेसा आहे.

पालक म्हणतील, "बाहेर पाठवावें तर नदीची भीति." २०२१ च्या जुलैंत महाडांत शिरलेलें पाणी व तळियें गांवावर कोसळलेली दरड ज्यांनीं पाहिली, त्यांच्या भीतीस आम्ही हंसणार नाहीं. पावसाळ्यांत नदीकांठ नकोच. परंतु दिवाळीनंतरही मुलानें शाळेंतून शिकवणीस आणि शिकवणीहून मोबाईलपुढें जावें, हें आम्हांस पटत नाहीं. मुंबईच्या माणसास बाग शोधीत जावें लागतें. पोलादपुरांत दारांतून मान वर केली कीं घाटाची झाडी दिसते.

यंदापासून आमच्या वर्गांत कोणाचीही सुटी कापली जात नाहीं. गणिताच्या तासापूर्वीं ज्यास बसवत नाहीं, त्यास आवारांतील झाडांखालून एक फेरी मारून येण्याची मुभा आहे. घरींही गृहपाठापूर्वीं मुलास तेवढाच वेळ द्यावा, शक्य तर आपणही सोबत जावें, आणि महिन्याभरानें काय दिसलें तें आम्हांस येऊन सांगावें.