फड कोणाच्या मालकीचा? संगमनेरच्या कलावंतांचा विस्मृत इतिहास

स्वतः गाणे रचून, स्वतः ध्वनिमुद्रित करून, कोणत्याही कंपनीच्या आश्रयाविना ते प्रसिद्ध करणाऱ्या तरुणांना आज 'इंडी' अर्थात स्वतंत्र कलावंत म्हटले जाते. हा वर्ग इंटरनेटने जन्माला घातला, असा समज सर्वत्र रूढ आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील एकट्या संगमनेर तालुक्याकडे पाहिले, तरी तो समज टिकत नाही.

प्रारंभ अनंत फंदीपासून करावा लागतो. मूळ आडनाव घोलप, जन्म १७४४, मृत्यू १८१९, राहणार संगमनेर. मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या स्नेहामुळे त्यास 'फंदी' हे नाव चिकटले, असे मानतात. लावणी, पोवाडा, फटका हे सारे प्रकार त्याने हाताळले. त्याच्याविषयीची सर्वाधिक सांगितली जाणारी आख्यायिका मात्र वेगळीच आहे: अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदीने तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली. (ज्यांचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातील चोंडीच्या.)

आख्यायिका सुंदर आहे, परंतु कालक्रम तिच्या सोयीचा नाही. अहिल्याबाईंचे निधन ऑगस्ट १७९५ मधले. सवाई माधवरावाचा मृत्यू त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये झाला. त्यावर 'माधवनिधन' रचणारा, पुढे यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव यांना पोवाड्याचा विषय करणारा फंदी म्हणजे डफ कायमचा खाली ठेवलेला माणूस नव्हे. त्याने कीर्तन जवळ केले असेल, पण शाहिरी सोडली नाही. मग सोडल्याचीच गोष्ट एवढी लोकप्रिय का? कारण आपल्याला कलावंत 'सुधारलेला' आवडतो. याच जिल्ह्यातील अकोळनेर येथे १८६८ साली जन्मलेल्या दासगणूंच्या चरित्रातही हाच साचा दिसतो. पोलीस खात्यातील नोकरी आणि लावणी-तमाशाचा नाद मागे पडतो, आणि शिर्डीच्या साईबाबांच्या सहवासातून कीर्तनकार घडतो. दासगणूंची योग्यता निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, ज्यांनी बोर्ड सोडला नाही त्यांचे काय?

पवळाबाईचे उदाहरण घ्या. ती याच तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची. तमाशाच्या रंगमंचावरील पहिल्या मोठ्या स्त्री कलावंतांत तिची गणना होते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), आणि पवळा ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. ब्राह्मण कुलकर्णी महार स्त्रीच्या साथीने फडावर उभा राहतो, ही त्या काळी केवढी खळबळ असेल! पण इतिहासलेखनात झाले काय, तर बापूराव कवी ठरले आणि पवळा 'बापूरावांची पवळा'. ज्या गळ्याने आणि अदाकारीने ती कवने गावोगाव पोहोचवली, त्याचे कर्तृत्व षष्ठी विभक्तीत जमा झाले.

या षष्ठी विभक्तीतून बाहेर पडण्याची किंमत कांताबाई सातारकरांनी मोजली. १९३९ साली गुजरातेत, दगडाच्या खाणीत राबणाऱ्या मजूर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साताऱ्यात नृत्याचे धडे मिळाले, मुंबईत तुकाराम खेडकरांचा फड मिळाला. वगात त्यांनी पुरुष भूमिकाही गाजवल्या. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांपैकी एक. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाले आणि ज्या फडाच्या त्या नायिका होत्या, त्या फडातून त्यांना मुलांसह बाहेर पडावे लागले. कीर्ती त्यांची होती. तंबू, पेट्या, नाव यांवर हक्क नव्हता. काही काळ दुसऱ्याच्या फडात काम करून त्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःचा फड उभारला आणि संगमनेर हे आपले ठिकाण केले.

'स्वतःचा फड' या दोन शब्दांत काय सामावलेले असते, हे समजून घेतले पाहिजे. दसऱ्याला बाहेर पडायचे, बुद्धपौर्णिमेला परतायचे. ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाडे, नर्तकी, स्वयंपाकी, तंबू ठोकणारे गडी अशा सगळ्यांना हंगामाआधी 'उचल' द्यायची. ती देण्यासाठी बहुधा फडमालकाने कर्ज काढायचे आणि नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावच्या जत्रा कमिट्यांशी सुपारी ठरवायची. अवकाळी पाऊस आला, तर रात्र बुडाली. व्याज मात्र बुडत नाही. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम प्रेक्षक पाहतो, हिशेबाची वही पाहत नाही. ही वही एका स्त्रीने, एका विधवेने चालवावी, हे कोणत्याही लावणीइतकेच मोठे कलाकर्तृत्व आहे. राज्य शासनाने पुढे विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार कांताबाईंना दिला, पण तमाशाच्या इतिहासात अद्यापही कवींची नामावळी आधी येते आणि फड चालवणाऱ्यांची जेमतेम तळटीप होते.

संगमनेरात फंदीच्या नावाची व्याख्यानमाला आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच गावात पवळा आणि कांताबाई यांच्या फडांचे दस्तऐवज, सुपाऱ्यांचे कागद, हस्तपत्रके, वगांच्या हस्तलिखित वह्या गोळा करणारे एखादे दालन का असू नये? हे कागद घरोघरीच्या ट्रंकांत आहेत आणि कसर त्यांची वाट पाहत नाही.

२०२० च्या चैत्रात टाळेबंदीने जत्रा बंद झाल्या. २०२१ च्या चैत्रातही तेच झाले. सलग दुसऱ्या वर्षी तंबू गुंडाळलेलेच राहिले, उचल अंगावर राहिली. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा २६ मे रोजी होती. कांताबाई सातारकरांचे कोरोनाने संगमनेरात निधन झाले, ते २५ मे रोजी.