मासिकामागचीं माणसें

मासिकाचा अंक घरांत आला, कीं मुलें चित्रें पाहतात, लेकीसुना गोष्टी वाचतात, आणि वडील मंडळी चष्मा लावून लेखांकडे वळतात. लेखकांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं असतात. परंतु आंतल्या पानावर बारीक टाइपांत छापलेलें संपादकाचें नांव वाचणारा मनुष्य शंभरांत एखादाच. आतां मासिकें कागद सोडून संगणकाच्या व दूरध्वनीच्या पडद्यावरही निघूं लागलीं आहेत. अशा वेळीं अंकामागें उभ्या असलेल्या या माणसांची ओळख करून घेणें पूर्वींपेक्षां अधिक अगत्याचें झालें आहे.

'संपादक' हा शब्द संस्कृत 'पद्' धातूला 'सम्' उपसर्ग लागून सिद्ध होतो. संपादन करणें म्हणजे एखादी गोष्ट पूर्णत्वास नेणें. आलेला मजकूर एकत्र बांधणें एवढाच त्याचा अर्थ नव्हे. लेखकानें अर्ध्यावर सोडलेलें काम ओळखणारा आणि तें त्याच्याकडूनच पुरें करून घेणारा, तो संपादक.

मराठी घरांत मासिक रुजविणाऱ्यांत काशीनाथ रघुनाथ मित्र यांचें नांव अग्रभागीं येतें. हे मूळचे सावंतवाडीकडील आजगांवचे, घराणें आजगांवकरांचें. बंगाली वाङ्मयाचा त्यांस इतका छंद, कीं ती भाषा तर त्यांनीं आत्मसात् केलीच, पण 'मित्र' हें बंगाली धर्तीचें आडनांवही धारण केलें. जानेवारी १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईंत 'मासिक मनोरंजन' सुरू केलें. बालकवि व गोविंदाग्रज यांच्या कविता, वि. सी. गुर्जर यांच्या गोष्टी या मासिकानें घरोघर पोंचविल्या. १९०९ सालीं मित्रांनीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. फराळाच्या ताटाशेजारीं दिवाळी अंक असावा, ही आज आपणांस सनातन वाटणारी रूढि एका संपादकाच्या कल्पनेंतून निघाली आहे! मित्र १९२० सालीं वारले. त्यांचें मासिक १९३५ पर्यंत चाललें.

दुसरें उदाहरण 'सत्यकथे'चें. १९३३ सालीं निघालेलें हें मासिक पुढें गिरगांवांतील खटाववाडींत, 'मौजे'च्या छापखान्यांत, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या दोघांनीं नांवारूपास आणलें. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा, विंदा करंदीकर व मंगेश पाडगांवकर यांच्या कविता त्यांत प्रसिद्ध झाल्या. हीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. परंतु हस्तलिखितावर दिवस दिवस बसणारे ते दोघे वाचकांच्या दृष्टीआडच राहिले. पटवर्धनांना सामान्य वाचक ओळखतो तो 'पाडस' या त्यांच्या सुंदर अनुवादावरून. वास्तविक आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं दुसऱ्यांचें लिखाण वाचण्यांत घालविला. कथा परत जाई, पण ती कोठें अडली आहे हें सांगणारें पत्रही जाई. लेखकानें फिरून लिहावें, पुन्हां चर्चा व्हावी, आणि मगच मजकूर छापखान्याकडे जावा, अशी त्यांची रीत होती. गिरगांव सोडून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें वस्तीस आलेल्या कित्येक कुटुंबांनीं त्या अंकांचे गठ्ठे सोबत आणले होते.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संपादकाचा अधिकार जसा मोठा, तसा त्याचा जाचही होऊं शकतो. चाळणी एकाच हातीं राहिली, तर निराळ्या जातीचें धान्य बाहेर पडतें. १९५५ सालींच अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृति तरुणांनीं 'शब्द' हें अनियतकालिक काढलें. पुढें अशोक शहाणे यांनीं 'असो' काढलें. १९६९ सालीं तर राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनीं 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. त्यांचा राग निराधार नव्हता. मात्र त्या बंडखोरांनींही संपादनाचें काम टाकून दिलें नाहीं. तें त्यांनीं स्वतःच्या शिरावर घेतलें. 'सत्यकथा' १९८२ सालीं बंद पडली, परंतु मजकूर निवडणारा मनुष्य हवा कीं नको, हा वाद कोणीच घातला नव्हता.

तो वाद आज उपस्थित झाला आहे. १९९६ सालीं अजय गल्लेवाले यांनीं अमेरिकेंत 'मायबोली' हें मराठी संकेतस्थळ सुरू केलें. पुढें तेथें दिवाळी अंक निघूं लागले. त्यांचें संपादकमंडळ स्वयंसेवकांचें असे. कोणी एका खंडांत, कोणी दुसऱ्या खंडांत. नोकरी-संसार सांभाळून हे लोक लेख मागवीत, शुद्धलेखन तपाशीत, मांडणी करीत. त्यांचे कित्येक लेखक टोपणनांवानें लिहीत, याचें वडीलधाऱ्यांनीं नवल करूं नये. राम गणेश गडकरी कवितेस 'गोविंदाग्रज' आणि विनोदास 'बाळकराम' होतेच कीं!

परंतु असें मंडळ नसलेला मजकूर पडद्यावर अनंत पटींनीं अधिक आहे. कागद, छपाई, टपाल यांचा खर्च उरला नाहीं, त्याबरोबर लेखक व वाचक यांच्या मधला तो पहिला वाचकही अनावश्यक वाटूं लागला. घरांतील मुलगा सायंकाळीं कविता लिहितो, रात्रीं ती प्रसिद्ध करतो, आणि सकाळपर्यंत मामा, मावश्या व आत्या 'वाहवा' म्हणून मोकळ्या होतात. आप्तांचें हें कौतुक प्रेमाचें असतें; परीक्षण तें नव्हे. निबंधांच्या वह्या तपासण्यांत माझा जन्म गेला. मुलाची भाषा 'छान' या शेऱ्यानें सुधारत नाहीं; 'हें वाक्य कोणाविषयीं आहे?' अशा समासांतील लहानशा प्रश्नानें सुधारते. तो प्रश्न विचारणारा कोणी न भेटल्यास चांगली प्रतिभाही पहिल्याच इयत्तेंत राहते.

म्हणून गृहस्थ व गृहिणी यांस दोन गोष्टी सुचवितों. अंक कागदावरचा असो वा पडद्यावरचा, प्रथम संपादकांचीं नांवें पाहावीं. तीं मुळींच नसलीं, तर या मजकुराची जबाबदारी घेणारा कोणी नाहीं हें ध्यानांत ठेवून वाचावें. आणि घरांतील लिहित्या मुलामुलींस आपलें लिखाण प्रथम संपादक असलेल्या मासिकाकडेच पाठवावयास सांगावें. तें 'साभार परत' आलें, तर घरांत त्याची थट्टा होऊं देऊं नये. सोबत कारणाच्या दोन ओळी आल्या असल्या, तर तें पत्र जपून ठेवावें. कौतुकाचीं पत्रें पुष्कळ येतील. तसें पत्र आयुष्यांत दोन-चारदांच येतें.